आधी खरखर काढली, मग किनारा दिसला

मेटिऑर या हवामान उपग्रहाकडून रेडिओवर पकडलेलं ते पहिलं चित्र मी अजून जपून ठेवलंय. वरपासून खालपर्यंत काळे पट्टे, मध्येच दोन बोटं रुंदीचा करडा तुकडा आणि त्यात कापसासारखं काहीतरी. मुलगी शेजारी बसली होती. तिने विचारलं, "बाबा, यात आजीचं घर कुठेय?" आजी म्हणजे माझी आई, दापोलीला राहते. मला दापोली सोडाच, अरबी समुद्रही दाखवता आला नाही. पुढचे आठ-नऊ महिने मी रेडिओवर जे काही केलं, ते या प्रश्नामुळे.

आम्ही कोथरूडला चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझ्याकडे हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना आहे. शिवाय एक आरटीएल-एसडीआर डोंगल आहे. मुळात डिजिटल टीव्ही पाहायला बनवलेली ही चिप २०१२ च्या सुमारास हौशी लोकांनी रुंद पट्ट्याचा रेडिओ म्हणून वापरायला सुरुवात केली. लॅपटॉपला जोडली की सुमारे ५०० किलोहर्ट्झपासून १७६६ मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही कान लावता येतो. ओळखीचे लोक तिला सरसकट 'स्कॅनर' म्हणतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "पोलिसांचं ऐकू येतं का?" मी ते ऐकत नाही, परवाना त्याची मुभा देत नाही. माझा ओढा आकाशाकडे: हवामान उपग्रह, अवकाश स्थानक आणि १४४ ते १४६ चा आमचा हॅमचा पट्टा.

सुरुवात त्याआधीच, नोआच्या, म्हणजे अमेरिकेच्या हवामान संस्थेच्या, उपग्रहांपासून केली होती. ते १३७ मेगाहर्ट्झच्या आसपास साध्या एफएमवर चित्र पाठवायचे, आवाज ऐकायला घड्याळाच्या टिकटिकीसारखा. माझ्या चित्रात ढगांचा पांढरा भाग नेहमी फाटलेला यायचा, कडेला काळ्या चिरा. कित्येक दिवस मी अँटेनाला दोष देत होतो. दोष होता सॉफ्टवेअरमधल्या फिल्टरच्या रुंदीत. वॉकी-टॉकीच्या सवयीने मी ती १२.५ किलोहर्ट्झ ठेवली होती आणि नोआच्या सिग्नलला ३४ ते ४० लागायची. अरुंद गाळणीतून सिग्नलच्या कडा कापल्या जात होत्या आणि कडा म्हणजे नेमका चित्रातला सगळ्यात उजळ भाग. रुंदी ३८ केली आणि त्याच खिडकीत, त्याच अँटेनावर ढग पांढरेशुभ्र आले. उलटी चूकही होते. रुंदी गरजेपेक्षा जास्त ठेवली की प्रत्येक जादा किलोहर्ट्झबरोबर खरखर आत येते. तेव्हापासून कोणताही सिग्नल ऐकायचा म्हटलं की मी आधी तो वॉटरफॉलवर, म्हणजे पडद्यावर सरकणाऱ्या फ्रीक्वेन्सींच्या रंगीत पट्ट्यावर, किती जागा व्यापतो ते पाहतो.

२०२५ च्या जून ते ऑगस्टमध्ये नोआचे ते तिन्ही जुने उपग्रह बंद करण्यात आले. मला खरंच वाईट वाटलं. आता १३७ च्या पट्ट्यात उरले रशियाचे मेटिऑर: एम एन२-३ (जून २०२३ चं प्रक्षेपण) आणि एम एन२-४ (फेब्रुवारी २०२४ चं). बहुतेक वेळा १३७.९ वर लागतात. यांचं प्रसारण डिजिटल. नोआचं चित्र खरखरीतूनही धूसर का होईना उमटायचं. मेटिऑरचं तसं नाही: एसएनआर, म्हणजे खरखरीच्या वर सिग्नल किती, तो पुरेसा असेल तर चित्र स्वच्छ, नाहीतर सरळ काळा पट्टा. त्यात एन२-३ ची अँटेना अवकाशात पूर्ण उघडलीच नाही, त्यामुळे तो आणखी क्षीण. वर सांगितलेलं काळ्या पट्ट्यांचं चित्र त्याचंच.

मग मी तेच केलं जे बहुतेक जण करतात: अँप्लिफायर मागवला. सिग्नल वीस डीबी (डेसिबल, ताकद मोजायचं माप) वाढवणारा एलएनए, म्हणजे स्वतःची खरखर कमी असलेला अँप्लिफायर, सात-आठशे रुपयांचा. डोंगलच्या तोंडाशी लावला, सॉफ्टवेअरमधला गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते, शेवटच्या पायरीवर, ४९.६ वर नेला आणि पासची, म्हणजे उपग्रह आमच्या आकाशातून जाण्याची, वाट पाहत बसलो. वॉटरफॉल पिवळाधमक झाला. पूर्वी एसएनआर अडीचपर्यंत तरी जायचा, आता उपग्रहाची खूणसुद्धा दिसेना. १३७ च्या आसपास मात्र तीन ठिकाणी फुगीर ढिगारे दिसत होते आणि त्यावर क्लिक केलं की हिंदी गाणी ऐकू यायची. जुलै २०२५ मध्ये शुभांशू शुक्ला अवकाश स्थानकावर होते, तिथून हॅम रेडिओवर विद्यार्थ्यांशी बोलले होते. त्या दिवसांत मी १४५.८०० वर कान लावून बसायचो तेव्हाही खरखरीमागे अशीच गाणी कुजबुजायची. तेव्हा त्याचा अर्थ कळला नव्हता.

आमच्या क्लबमधले एक काका आहेत, चाळीस वर्षं रेडिओत घालवलेले. त्यांना रविवारी घरी बोलावलं. चहा येईपर्यंत ते नुसते वॉटरफॉलकडे पाहत होते. मग काही न बोलता गेनचा दांडा खाली ओढत नेला. साधारण तिसाच्या खाली गेन आला आणि गाण्यांचे ढिगारे एकदम विझले. "हे बघ," ते म्हणाले, "खरा सिग्नल गेनबरोबर पायरीपायरीने उतरतो. तीन डीबी कमी केलेस की तीन डीबीच उतरेल. भूत मात्र तिप्पट-पाचपट वेगाने कोसळतं. जे कोसळलं ते तिथे नव्हतंच."

कारण त्यांनी समजावलं आणि ते मला फार महत्त्वाचं वाटतं. डोंगलच्या आतला कान आठ बिटांचा, म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत छोट्या आवाजातलं जे अंतर तो एका वेळी पेलू शकतो ते जेमतेम ४८ डीबी. शहरात ८८ ते १०८ मध्ये एफएम केंद्रांचा दणदणाट चालू असतो. आपण १३७ ला ट्यून केलं तरी तो दणदणाट डोंगलच्या पहिल्या टप्प्यात शिरतोच. तिथलं सर्किट गुदमरतं आणि केंद्रांच्या लहरी एकमेकींत मिसळून नको तिथे खोट्या लहरी तयार होतात. मी एलएनए लावून उपग्रहाबरोबर त्या केंद्रांनाही वीस डीबी बहाल केले होते. काका म्हणाले, "आधी नको ते बाहेर काढ. वाढवायचं ते नंतर."

एफएम केंद्रांना अडवणारा फिल्टर विकत मागवायला हवा होता, पण यायला दहा दिवस लागणार होते. तोवर काकांनी एक गंमत शिकवली. घरात डिशच्या केबलचा उरलेला तुकडा होता, आरजी-६. दुसरं टोक उघडं ठेवलेला पाव तरंगलांबीचा केबलचा तुकडा मुख्य केबलला टी करून जोडला, तर त्या एका फ्रीक्वेन्सीला तो जवळपास शॉर्ट सर्किट होतो. ९८ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी साडेशहात्तर सेंटिमीटर, पण केबलमध्ये लहर हवेतल्यापेक्षा हळू धावते, म्हणून प्रत्यक्षात त्रेसष्ट-चौसष्ट सेंटिमीटर पुरतात. त्यासाठी एफ कनेक्टरचा साधा टी घ्यायचा. टीव्हीचा स्प्लिटर चालत नाही, त्याच्या पोटात ट्रान्सफॉर्मर असतो.

मी ७० सेंटिमीटरचा तुकडा जोडला. डोंगल एका वेळी जेमतेम अडीच मेगाहर्ट्झचा तुकडा दाखवतं, म्हणून ९८ च्या जवळचं एक दणदणीत केंद्र पडद्यावर घेतलं, गेन कमी ठेवला आणि कटर हातात घेतला. एक सेंटिमीटर कापला. केंद्राचा सुळका किंचित बसला. पुन्हा एक सेंटिमीटर. प्रत्येक कापाला शोषणाचा खड्डा सुमारे दीड मेगाहर्ट्झ वर सरकत होता, हे काकांनी कागदावर आधीच मांडून दाखवलं होतं आणि पडद्यावर तसंच घडत होतं. ६५ ला सुळका निम्म्यावर आला. ६४ ला आणखी खाली. तिथून अर्धा-अर्धा सेंटिमीटर कापत गेलो, कापताना जाळी आतल्या तारेला चिकटणार नाही याची दर वेळी नखाने खात्री करत. साडेत्रेसष्टला केंद्र वीस-बावीस डीबी खाली गेलं होतं. मुलगी केबलचे कापलेले तुकडे ओळीने मांडत होती. एवढ्याशा वायरीच्या तुकड्याने एक रेडिओ केंद्र माझ्या डोळ्यांसमोर बुडालं, ते पाहताना झालेला आनंद विकतच्या कुठल्याच वस्तूने मला दिला नाही.

अर्थात या तुकड्याला मर्यादा आहेत. पट्ट्याच्या कडेची केंद्रं दहा-बारा डीबीच दबतात आणि १३७ लाही दीडेक डीबीचा फटका बसतो. तरी त्या रात्री एन२-४ चा एसएनआर पाचपर्यंत गेला आणि चित्रात पहिल्यांदा सलग शंभर-दीडशे ओळी आल्या. नंतर विकतचा फिल्टर आला. तो ८८ ते १०८ हा सगळा पट्टा पन्नासएक डीबी दाबतो आणि बाकीच्यांना फारसा हात लावत नाही. भुतं गेली ती गेलीच. तुकडा मी ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

आता अँटेना. डोंगलबरोबर आलेली चुंबकाची छोटी काडी मी खिडकीच्या ग्रिलवर चिकटवली होती. तिला आकाश दिसत होतं ते फक्त पश्चिमेचं, तेही समोरच्या इमारतीच्या वर उरेल तेवढं. शिवाय ती उभी. जमिनीवरची बरीच बिनतारी यंत्रणा उभ्या अँटेनांवर चालते, म्हणजे नको असलेल्या गोष्टी तिला छान ऐकू येतात आणि डोक्यावरून जाणारा उपग्रह सगळ्यात कमी. यावर हौशी लोकांनी शोधलेला उपाय फार साधा आहे: आडवा ठेवलेला व्ही-डायपोल. दोन दांड्या, प्रत्येकी ५३.४ सेंटिमीटर, मध्ये १२० अंशांचा कोन, जमिनीला समांतर, आणि व्हीचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला. त्याचा कान वर आकाशाकडे असतो आणि उभ्या लहरी त्याला वीसेक डीबी कमी ऐकू येतात. उपग्रहाच्या लहरी गोल फिरत येतात, त्यामुळे सरळ दांड्यांना त्यातली निम्मीच शक्ती मिळते. तीन डीबींचं हे नुकसान मी सोसायचं ठरवलं. ते टाळणारी पीळदार अँटेना बनवायला हात बसावा लागतो.

बुधवार पेठेत तापकीर गल्लीत गेलो. आठ गेजची तांब्याची अर्थिंगची तार मीटरच्या हिशेबाने मिळाली, शिवाय स्क्रूची कनेक्टर पट्टी आणि वीजजोडणीचा प्लॅस्टिकचा गोल डबा. तार वेटोळ्यात असते, ती सरळ करणं हेच मोठं काम. एक टोक पक्कडीत, दुसरं ड्रिलमध्ये धरून हळूहळू पीळ दिला की ती बाणासारखी सरळ होते. ही युक्ती दुकानदारानेच सांगितली. मोजमाप पट्टीच्या आतल्या स्क्रूपासून धरायचं. मी आधी डब्याच्या कडेपासून मोजलं होतं आणि दोन्ही बाहू दोन-दोन सेंटिमीटर लांब झाले होते.

गच्चीवर लावायला सोसायटीची परवानगी लागली. अध्यक्षांना वाटलं, मोबाइलचा टॉवर उभा करतोय. त्यांना वर नेऊन दाखवलं की यातून काहीच बाहेर पडत नाही, हे फक्त ऐकतं. मग पाण्याच्या टाकीच्या कठड्याला दीड मीटरचा पीव्हीसी पाइप बांधून त्यावर व्ही चढवला. धातूचा पाइप मुद्दाम टाळला. आणि पहिल्याच दुपारच्या पासला एसएनआर नऊ. पैशाच्या हिशेबात पाहिलं तर तीनशे रुपयांच्या तारेने जे दिलं ते सात-आठशेच्या अँप्लिफायरने दिलं नव्हतं.

केबलबद्दल मी गाफील होतो. गच्चीपासून टेबलापर्यंत अठरा मीटर आरजी-५८ टाकली होती, कारण हॅमच्या कामाची म्हणून तीच पडून होती. १३७ मेगाहर्ट्झला तिच्यात शंभर मीटरमागे अठरा-वीस डीबी जिरतात. म्हणजे माझ्या अठरा मीटरांत साडेतीन डीबी, निम्म्याहून जास्त सिग्नल वाटेतच संपत होता. डिशची आरजी-६ ७५ ओहमची आणि डोंगल ५० चं, म्हणून मी ती बाजूला ठेवली होती. काकांनी हिशेब करून दाखवला: या विजोडपणात जातात सुमारे ०.२ डीबी, आणि केबल बदलल्यावर वाचतात दोन. प्रक्षेपण करायचं असेल तर जोडणीचा विचार वेगळा, पण नुसतं ऐकायला गल्लीतल्या कोणत्याही केबलवाल्याकडे मिळणारी आरजी-६ उत्तम.

एलएनए परत बाहेर काढला, पण जागा बदलून. डोंगलजवळ लावला तर केबलमध्ये बुडून उरलेला सिग्नल आणि वाटेत चढलेली खरखर, दोन्ही सारखेच मोठे होतात. म्हणून अँटेनाच्या मुळाशी आधी एफएम फिल्टर, मग एलएनए, मग लांब केबल. त्याला लागणारे साडेचार व्होल्ट डोंगल केबलमधूनच वर पाठवतं, सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठीची बायस-टी नावाची सोय चालू केली की झालं. यानंतर डोंगलचा गेन उलट कमी करावा लागला, ४० वरून २८ वर. नेमका किती, हे ठरवायची माझी पद्धत: सॉफ्टवेअरमधला आपोआप गेन बंद करायचा, अँटेना काढून खरखरीची पातळी पाहायची, मग अँटेना लावायची. पातळी थोडी उचलली गेली, की बाहेरची खरखर डोंगलच्या स्वतःच्या खरखरीला मागे टाकतेय आणि याहून जास्त गेन देऊन हाती काही लागणार नाही. तिथे थांबायचं. एसएनआर तेरा.

तरी एक कोडं उरलं. दिवसाचे पास स्वच्छ, रात्रीचे भिकार. रात्री इन्फ्रारेडमधलं चित्र मिळतं आणि ते मला हवं होतं. दोन आठवडे वाटलं की उपग्रहच रात्री कमी शक्तीने बोलत असावा. मग एका संध्याकाळी वॉटरफॉल चालू ठेवून गॅलरीत उभा होतो. सात वाजून दहा मिनिटांनी गच्चीवरचा एलईडी फ्लडलाइट लागला, अंधार पडला की तो आपोआप लागतो. आत येऊन पाहतो तर पडद्यावर सात-दहापासूनच उभ्या रेघांची झालर सुरू. दिवा अँटेनापासून चार मीटरवर होता. घरातला मेन स्विच बंद करून लॅपटॉप बॅटरीवर चालवला, झालर तशीच. वॉचमनला सांगून फ्लडलाइट दोन मिनिटं बंद करवला, झालर गायब. असल्या दिव्यांच्या पोटातला स्वस्त वीजपुरवठा सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतो आणि त्याचा कचरा तारेवाटे वर चढतो. दिव्याच्या तारेवर दोन क्लिप-ऑन फेराइट, म्हणजे असला कचरा अडवणारी कडी, बसवले आणि अँटेना टाकीच्या दुसऱ्या टोकाला नेली. झालर पूर्ण गेली नाही, पण दहा डीबीने बसली. घरातले गुन्हेगारही तेव्हाच शोधले: स्वयंपाकघरातली एलईडी ट्यूब आणि एक जुना मोबाइल चार्जर. चार्जर टाकून दिला. ट्यूब पास चालू असताना बंद ठेवतो आणि बायको ते पंधरा मिनिटांचं अंधारलेलं स्वयंपाकघर चालवून घेते.

जूनमध्ये पाऊस आला आणि चौथ्या दिवशी एसएनआर तेरावरून चारवर आला. गच्चीवर जाऊन डबा उघडला तर तळाशी पाणी आणि केबलच्या जाळीवर हिरवट-काळी बुरशीसारखी पूड. पाणी एकदा जाळीत शिरलं की केशिकांसारखं मीटरभर चढतं. दीड मीटर केबल कापून फेकली. नवीन जोड एम-सीलने बंद केला, वर रबराची सेल्फ-बाँडिंग टेप ओढून गुंडाळली, डब्याच्या तळाला बारीक भोक पाडलं आणि खिडकीतून आत येण्याआधी केबलला खाली झोळ दिला, म्हणजे ओघळ झोळाच्या तळाशी ठिबकतो, घरात येत नाही. जुन्या लोकांची छतावरची टीव्हीची अँटेना आठवली. वडील असाच झोळ ठेवायचे, तेव्हा त्याचं कारण विचारायचं सुचलं नव्हतं.

याच मांडणीवर आता अवकाश स्थानकही छान लागतं. फक्त तिथे फिल्टर पंधरा-सोळा किलोहर्ट्झचा ठेवतो आणि पासभर फ्रीक्वेन्सी हाताने सरकवत राहतो, कारण स्थानक जवळ येताना साडेतीन किलोहर्ट्झ वर आणि लांब जाताना तेवढंच खाली ऐकू येतं. व्ही १३७ साठी कापलेला असला तरी १४५ ला पुरेसा कान देतो. स्थानकासाठी वेगळी चार काड्यांची ग्राउंड प्लेन अँटेना बांधायला घेतलीय, त्याचं सामान टेबलाखाली पडलंय.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस उघडीप होती. एन२-४ चा दिवसाचा, जवळजवळ डोक्यावरून जाणारा पास होता. मुलगी शाळेतून येऊन दप्तरासकट शेजारी उभी राहिली. चित्र ओळीओळीने उलगडत गेलं: काठियावाडचा खांदा, खंबातचं आखात, मग सरळ खाली उतरणारी कोकणाची कड. मुंबईखाली किनाऱ्याला खाड्यांचे दाते दिसत होते, ते मी आयुष्यात पहिल्यांदा वरून, स्वतःच्या गच्चीवर लावलेल्या तारेतून पाहत होतो. दापोलीजवळच्या हर्णैच्या जरा वर समुद्रावर पांढरा दाट पुंजका होता, त्याची पूर्वेकडची कड किनाऱ्याला टेकलेली. मुलीने त्याच्या शेजारी बोट ठेवलं आणि मी हो म्हटलं.

तिने तिथूनच आजीला फोन लावला. "आजी, तुझ्याकडे पाऊस येणारे, वाळवणं आत घे."

"अगो, आभाळ तर मोकळं आहे," आई म्हणाली. फोन चालूच होता, तिच्या मागे अंगणातल्या बादलीचा आवाज आला. थोड्या वेळाने म्हणाली, "थांब हां, समुद्राकडून काळं करून आलंय. फोन ठेवते."